आईची डबी आणि डॉक्टरांची यादी : घरगुती औषधी वनस्पती आणि चालू उपचार



मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी राहिले की कुणीतरी हमखास विचारतं, "तू फार्मसीत काम करतेस ना, मग सांग बरं, शुगरच्या गोळीबरोबर कारल्याचा रस चालतो का?" किंवा "सासूबाई येताना गुळवेलीच्या गोळ्या घेऊन आल्यात, बीपीच्या गोळीबरोबर घेऊ देत का?" हातात प्लेट घेऊन अशा प्रश्नांची नीट उत्तरं देता येत नाहीत. म्हणून कार्यकारिणीने सुचवल्यावर हा लेख लिहायला घेतला.

सुरुवात मात्र माझ्याच घरातल्या एका फजितीने करते. फजिती म्हणते खरी, पण त्या वेळी तोंडचं पाणी पळालं होतं.

"नाही, बाकी काही घेत नाही"

२०१८ च्या दिवाळीला माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली. वय एकाहत्तर. रक्तदाबासाठी एक गोळी आणि शिवाय पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. दोन्ही गोळ्या सहा महिन्यांच्या बरोबर आणलेल्या. बाकी तब्येत ठणठणीत.

नोव्हेंबर संपता संपता घरातलं हीटिंग सुरू झालं आणि कोरड्या हवेने आईचा घसा खवखवायला लागला. तिने बॅगेतून एक पितळी डबी काढली. तिच्यात ज्येष्ठमधाच्या कांड्या होत्या, गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या. दिवसभर एखादा तुकडा तोंडात, सकाळच्या काढ्यात थोडा ठेचून, आणि रात्री झोपताना मधातून चमचाभर चूर्ण. घशाला आराम पडला. आम्हीही खूश.

जानेवारीत तिचे पाय सुजायला लागले. जिना चढताना मांड्यांत जीव नाही म्हणू लागली. एका रात्री छातीत धडधडायला लागलं म्हणून इमर्जन्सीत नेलं, तर रक्तदाब १८० च्या वर आणि रक्तातलं पोटॅशियम २.७. ते साधारण ३.५ च्या वर असायला हवं. पोटॅशियम इतकं उतरलं की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी अगदी व्यवस्थित विचारलं, "या प्रिस्क्रिप्शनशिवाय काही हर्बल किंवा सप्लिमेंट घेतात का?"

मी आईला मराठीत विचारलं, "आई, तू आणखी कुठलं औषध घेतेस का?"

आई म्हणाली, "नाही गं."

आणि मी डॉक्टरांना सांगितलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला घरून काय आणायचं ते सांगितलं, "चष्मा आण, जपमाळ आण, आणि माझी ज्येष्ठमधाची डबी आण. इथे घसा फार कोरडा पडतोय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! इतकी वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहून मी गिऱ्हाइकांना हाच प्रश्न विचारत आलेय. मी आईला म्हटलं, "अगं, काल विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?" त्यावर तिचं उत्तर असं, "तू औषध विचारलंस. ते काय औषध आहे? घरातलंच की!"

चूक तिची नव्हती, चूक माझ्या भाषांतराची होती. डॉक्टरांनी 'हर्बल' विचारलं आणि मी 'औषध' विचारलं. आपल्याकडे काढा, चूर्ण, चाटण, गुटी यांना कुणी औषध म्हणत नाही. औषध म्हणजे पाकिटातली गोळी.

ज्येष्ठमध बंद केलं, सलाईनमधून आणि गोळ्यांनी पोटॅशियम भरून काढलं, आणि दोनतीन आठवड्यांत आईचा रक्तदाब पूर्वीच्याच गोळ्यांवर जागेवर आला.

असं झालं तरी का?

ज्येष्ठमधाला गोडी येते ती ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याने. आपल्या मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करणारं एक विकर असतं. ग्लिसरायझिन त्याचं काम रोखतं. मग ते मोकाट सुटलेलं कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला सांगतं, मीठ आणि पाणी धरून ठेव, पोटॅशियम बाहेर टाक. त्यामुळे सूज येते आणि रक्तदाब चढतो. आईच्या बाबतीत पाण्याच्या गोळीनेही पोटॅशियम कमी होतच होतं, त्यात ही भर पडली. दोघांनी मिळून एकाच दिशेने ढकललं.

हे फक्त आपल्या कांडीपुरतं नाही. इथे मिळणाऱ्या काळ्या लिकरिशच्या काही गोळ्याही त्याच मुळापासून केलेल्या असतात. चाळिशीच्या पुढच्या माणसांनी दोन आठवडे रोज दोन औंस, म्हणजे साधारण ५५ ग्रॅम काळं लिकरिश खाल्लं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने दिलेला आहे. मग ज्येष्ठमध वाईट का? मुळीच नाही. निरोगी माणसाने दोनचार दिवस घशासाठी चघळलं तर सहसा काही होत नाही. पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते टाळावं.

वनस्पती म्हणजे औषधच

आपल्या वनस्पतींचा मला अभिमान आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाने उच्च रक्तदाब उतरतो, हे आपल्या रुग्णांवरच्या अनुभवातून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष तिकडे वेधलं. पुढे १९५२ मध्ये त्याच मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरात आलं. मात्र त्याच रिसर्पिनने काही रुग्णांना नैराश्य येतं, असंही लक्षात आलं. आज लाखो लोक मधुमेहासाठी घेतात त्या मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका वनस्पतीत आहे.

हळदीची गोष्ट तर बऱ्याच जणांना आठवत असेल. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्याला सगळ्यांना केवढा आनंद झाला होता!

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपण विसरतो. ज्या वनस्पतीत गुण येण्याइतकी ताकद आहे, तिच्यात अपाय करण्याचीही ताकद असते, आणि दुसऱ्या औषधाच्या कामात ढवळाढवळ करण्याचीही. 'गुण आला तर औषध, नाहीतर नुसतं घरगुती' असं म्हणून चालत नाही.

ढवळाढवळ तीन प्रकारे होते

१. दोघांचा जोर एकाच दिशेने. कारल्याचा रस आणि मेथीचे दाणे यांनी रक्तातली साखर थोडी उतरू शकते. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिपिझाइडसारखी गोळी घेत असाल तर साखर नको इतकी उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. तसंच रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर लसणाच्या किंवा आल्याच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते.

२. दोघांची दिशा उलटी. रक्तदाबाची गोळी खाली ओढते आणि ज्येष्ठमध वर ढकलतं. अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरक वाढू शकतं, त्यामुळे थायरॉइडच्या गोळीचा बसवलेला डोस बिघडतो. वॉरफेरिन घेणाऱ्यांच्या बाबतीत पालक, मेथी अशा पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून भाजी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायची.

३. औषध शरीरात शिरण्यात किंवा बाहेर पडण्यात अडथळा. इसबगोल गोळीला आपल्यात धरून ठेवतं आणि ती नीट शोषली जात नाही. म्हणून इसबगोल आणि बाकीची औषधं यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं, थायरॉइडच्या गोळीबाबत आणखी जास्त. उलट मिरीतल्या पायपेरिनने यकृताचं औषध मोडून काढण्याचं काम मंदावतं, आणि काही औषधं रक्तात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहतात. ग्रेपफ्रूटचा रस काही गोळ्यांबरोबर घेऊ नका असं बाटलीवर लिहिलेलं असतं ना, त्यातलाच हा प्रकार.

फोडणीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद

"आपण तर जन्मापासून हळद खातोय," हे वाक्य मी महिन्यातून चारदा ऐकते. खरं आहे. पण हिशेब करून बघू. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. एका चहाच्या चमच्यात तीन ग्रॅम हळद धरली तर त्यात ९० मिलिग्रॅम. दुकानातल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ९५ टक्के अर्क असतो, म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. एक कॅप्सूल म्हणजे पाच चमचे हळद झाली. वरणाच्या पातेल्यात पाच चमचे हळद कोणी घातली तर घरात काय होईल? आणि लोक अशा दोनदोन कॅप्सूल रोज घेतात.

शिवाय त्यात मिरीचा अर्कही असतो. २० मिलिग्रॅम पायपेरिन बरोबर दिलं तर माणसाच्या रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन वीस पटींनी वाढतं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. तेव्हापासून कंपन्या कॅप्सूलमध्ये ते मुद्दाम घालू लागल्या. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या पाच जणांना इस्पितळात ठेवावं लागलं आणि एक दगावला. लाखो लोक या कॅप्सूल घेतात, त्या मानाने हे रुग्ण फार थोडे आहेत. पण पोळीभाजीतल्या हळदीचा अनुभव कॅप्सूलला लावता येत नाही, एवढं यातून कळतं.

म्हणून माझा साधा नियम असा आहे. फोडणीत, आमटीत, लाडवात, भाजीत जेवढं पडतं तेवढं अन्न. अर्क, कॅप्सूल, पावडरचे मोठे डोस किंवा रोजचा पेलाभर रस झाला की ते औषध. आणि औषध म्हटलं की ते यादीत आलं पाहिजे.

आपल्या घरांत हमखास सापडणाऱ्या काही गोष्टी

गुळवेल : २०२० मध्ये कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य झाला नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढे भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून २०२२ मध्ये असे आणखी रुग्ण नोंदवले. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी अर्थ एकच. यकृताचा विकार, प्रत्यारोपण, संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये.

अश्वगंधा : झोप आणि ताण यांसाठी इथल्या दुकानांतही आता सर्रास मिळते. काही छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे. पण गरोदरपणात, थायरॉइडच्या तक्रारीत आणि झोपेच्या गोळीबरोबर नको. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

गुग्गुळ : कोलेस्टेरॉलसाठी अनेक जण घेतात. फिलाडेल्फियात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काने वाईट कोलेस्टेरॉल उतरलं नाही, उलट किंचित वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. स्टॅटिन बंद करून गुग्गुळ घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोरफडीचा रस : पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक जोरदार रेचक आहे. जुलाबांतून पोटॅशियम जातं. हा चीक असलेली रेचकं एफडीएने २००२ मध्ये दुकानांतून काढून घ्यायला लावली. घरी गर काढत असाल तर हा चीक पूर्ण धुऊन टाका.

बाळगुटी : आजी आल्या की सहाणेवर गुटी उगाळणं आलंच. दोन गोष्टी नक्की पाळा. एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नका, अगदी बोटावरसुद्धा. मधातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दुसरं म्हणजे गुटीतलं वेखंड. ते खाद्यपदार्थात घालायला अमेरिकेत १९६८ पासून बंदी आहे. आजींचा मान राखून हे सांगणं अवघड असतं, मला कल्पना आहे. "बाळाच्या डॉक्टरांनी बजावलंय" असं सांगा, निम्मं काम होतं.

भस्मं आणि रसौषधी : यांत मुद्दाम धातू वापरलेले असतात. बॉस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सहा गरोदर स्त्रियांना अशा औषधांतून शिशाची बाधा झाल्याची नोंद झाली. नावात भस्म, रस, सिंदूर असेल तर भारतातून आणलेली पुडी पोटात जाण्याआधी दहादा विचार करा. मुलांना आणि गरोदर बायकांना तर नकोच.

मग उपयोगाचं काहीच नाही का?

आहे की! उपचार चालू ठेवून जोडीला घेता येतील अशा काही गोष्टी आहेत.

गरोदरपणातल्या मळमळीसाठी आलं हा पर्याय अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही मान्य केला आहे. बद्धकोष्ठासाठी इसबगोल उत्तम, भरपूर पाण्याबरोबर. त्यातल्या विद्राव्य तंतूंमुळे कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं, आणि रोज ७ ग्रॅम असे तंतू हृदयाला हितकर असल्याचा दावा पाकिटावर छापायला एफडीएने १९९८ पासून परवानगी दिलेली आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या रात्रीच्या इसबगोलाला दोन्ही देशांत मान आहे. खोकल्यासाठी वर्षापुढच्या मुलांना झोपताना चमचाभर मध चालतो. मधुमेह असणाऱ्यांनी भिजवलेले मेथीदाणे घ्यायचे असतील तर जरूर घ्यावेत, पण पहिले दोनतीन आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासून आकडे लिहून ठेवावेत आणि डॉक्टरांना दाखवावेत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यांतलं काहीही मूळ उपचाराच्या जागी नाही, जोडीला आहे. हा फरक कॅन्सरच्या बाबतीत जिवावर बेततो. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अडीच पट आढळलं. केमोथेरपी चालू असताना आल्याचा चहा, मऊ खिचडी, पायाला तेल, आईने डोक्यावरून फिरवलेला हात, हे सगळं हवंच. पण कुठलाही अर्क किंवा कॅप्सूल कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण यकृतातून होणारा केमोचा निचरा त्याने बदलू शकतो.

'नैसर्गिक' लिहिलंय, मग तपासलेलं असेल ना?

नाही. अमेरिकेतल्या १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकायला आणण्याआधी ते सुरक्षित आहे किंवा गुणकारी आहे हे एफडीएला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तक्रारी आल्यावर एफडीए कारवाई करते. त्यातल्या त्यात बाटलीवर 'यूएसपी व्हेरिफाइड' किंवा 'एनएसएफ'ची खूण असेल तर लिहिलं तेच आणि तेवढंच आत असण्याची खात्री थोडी जास्त. औषधाचा गुण येईल की नाही, हे मात्र ती खूण सांगत नाही.

तसंच, इथे आयुर्वेदाचा सल्ला देणारे अनेक जण आहेत. पण भारतातली बीएएमएस पदवी असली तरी तेवढ्यावर अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना मिळत नाही. सल्ला घेतलात तर काय दिलं त्याचं नाव आणि घटक लिहून घ्या. "आमचं सिक्रेट मिश्रण आहे" असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा.

घरी करायच्या पाच गोष्टी

१. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की पहिल्या आठवड्यातच त्यांच्याबरोबर बसून यादी करा. प्रश्न 'औषध कुठलं घेता' असा नको. असं विचारा : सकाळी उठल्यावर काय घेता? चहाआधी काही? जेवणानंतर तोंडात काय टाकता? झोपताना काय? काढा, चूर्ण, चाटण, गुटी, रस, तेल, होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या? बॅगेत कुठली डबी आहे?

२. गोळ्यांची कंपनीची नावं न लिहिता मूळ औषधाची नावं लिहा. भारतातली कंपनीची नावं इथे कुणाला कळत नाहीत. रक्त पातळ करायला आपल्याकडे नेहमी दिली जाणारी असिनोकुमरॉल ही गोळी तर अमेरिकेत मिळतच नाही.

३. वनस्पतीचं इथल्या डॉक्टरांना कळेल असं नाव शेजारी लिहा. ज्येष्ठमध म्हणजे लिकरिश रूट, गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा, कारलं म्हणजे बिटर मेलन, मेथी म्हणजे फेनुग्रीक, इसबगोल म्हणजे सिलियम हस्क, कोरफड म्हणजे अ‍ॅलो, शेवगा म्हणजे मोरिंगा, तुळस म्हणजे होली बेझिल. अश्वगंधा आणि त्रिफळा त्याच नावाने चालतात.

४. शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दाढ काढायची असेल तरी, ही यादी आधी दाखवा. अशा गोष्टी सहसा दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. त्यामुळे आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र आपल्या मनाने कधीच बंद करू नका.

५. नवीन काही सुरू करायचं तर एका वेळी एकच, आणि तारीख लिहून. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगाला खाज, खूप थकवा, धडधड, पायांवर सूज, काळी शी किंवा अंगावर निळे डाग असं काही दिसलं तर ते थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. मुलाने चुकून काही खाल्लं तर पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा मोफत नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

डॉक्टर हसतील, रागावतील, म्हणून अनेक जण सांगत नाहीत. माझा अनुभव उलट आहे. डबी टेबलावर ठेवली की बहुतेक डॉक्टर कुतूहलाने बघतात. एखाद्याने उडवून लावलंच तर तुमच्या फार्मसिस्टला विचारा, त्याचे पैसे पडत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाच्या वेबसाइटवर 'अबाउट हर्ब्ज' नावाचा विभाग सर्वांना मोफत खुला आहे. हळदीपासून अश्वगंधेपर्यंत कशाचं कशाशी जमत नाही ते तिथे सोप्या इंग्रजीत दिलेलं आहे.

आई त्यानंतरही एकदा येऊन गेली. बॅग उघडल्यावर पहिल्यांदा तिने एक वहीचा कागद माझ्या हातात दिला. तिच्या अक्षरात, देवनागरीत, दोन्ही गोळ्या, त्रिफळा, इसबगोल, गुडघ्याला लावायचं तेल, सगळं नीट ओळीने लिहिलेलं. खाली एक रेघ मारून, "ज्येष्ठमध बंद. घशासाठी मिठाच्या गुळण्या." मी त्या कागदाचं इंग्रजी करून तिच्या पर्समध्ये ठेवलं आणि मूळ कागद माझ्याकडेच राहू दिला.

तुमच्या घरी पाहुणे येणार असतील तर त्यांच्या बॅगेतली डबी पहिल्याच आठवड्यात उघडून बघा.



– मंडळाची एक सभासद

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या प्रकृतीप्रमाणे आणि चालू औषधांप्रमाणे निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)